वास घ्यावा, श्वास घेऊ नये

माझे नाक ही माझी एकुलती एक इस्टेट. गिरगावातली दहा बाय बाराची खोली गेली, गावचे घर भावकीत वाटले गेले, प्रॉव्हिडंट फंड मुलीच्या लग्नात आणि तुळिंजच्या या दोन खोल्यांत खर्ची पडला. उरले ते हे नाक. ३१ वर्षे मी एका एसेन्सच्या कारखान्यात मिश्रणे करण्याचे काम केले. कारखान्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. त्याने तयार केलेला माल मात्र तुम्ही नक्की खाल्लेला आहे. बिस्किटात जो अननस लागतो, चोखायच्या गोळीत जी मोसंबी लागते, लहान मुलांच्या औषधात जे संत्रे लागते, त्यांत ती फळे बहुधा नसतातच. असते ते आमच्यासारख्या कुणाचे तरी नाक!

निवृत्त होऊन आता बरीच वर्षे झाली. पण विरार गाडीतून नालासोपाऱ्याला उतरलो, पूर्वेच्या जिन्याने बाहेर पडलो आणि तुळिंज रोडला लागलो, की डोळे मिटूनही मी कुठवर आलो ते सांगू शकतो. हा वडा तळला जातो आहे आणि तेल तिसऱ्या दिवसाचे आहे. ही गजरेवाली. हे औषधांचे दुकान. आणि ही भाजीवाली, जिच्या टोपलीत पश्चिमेकडच्या वाड्यांतून आलेली आळूची पाने आहेत आणि खाली कुठे तरी गवती चहाची जुडी आहे. सौ. म्हणते, “तुम्हांला रस्ता दिसत नाही, वासच दिसतो.” खरे आहे. म्हणूनच गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर जे घडले ते मला आधी दिसले नाही, त्याचा आधी वास आला.

दसरा होऊन चारच दिवस झाले होते. भाईंदरची माझी धाकटी बहीण. तिचा मुलगा रविवारी सकाळी दारात उभा राहिला. वय २३, अंधेरीला नोकरी, अंगात शर्टापेक्षा उत्साह जास्त. चहा झाला, चिवडा झाला, मग त्याने विषय काढला.

“मामा, तुम्ही मला एक फ्लेवर करून द्याल? लिंबू, पण नुसतं लिंबू नको. गवती चहा, तुळस, असं काही तरी झाडपाल्याचं त्यात पाहिजे. जरा गार लागलं पाहिजे. एकदम कडक अर्क, थेंबाथेंबानं वापरता येईल असा.”

“कशासाठी रे?”

“आम्ही मित्र मिळून एक धंदा काढतोय. छोटासाच. घरच्या घरी.”

आता वाचकहो, खरे सांगायचे तर पुढचे मी काही विचारलेच नाही. निवृत्त माणसाला कुणी त्याच्या हुन्नराबद्दल विचारले, की त्याची अवस्था निवृत्त तबलजीला कुणी ठेका धरायला सांगावा तशी होते. सरबताचा धंदा असेल, सोड्याचा असेल, असे मी मनाशी धरून चाललो. “ग्लिसरीनमध्ये मिसळेल असं करा हं, पाण्यात नाही मिसळलं तरी चालेल,” असे तो जाताजाता म्हणाला, तेव्हा तरी माझ्या कानाने नाकाला खबर द्यायला हवी होती. दोनदा तो खोकलाही. पण त्या दिवसांत तुळिंजला कोण खोकत नाही? इमारतींची कामे, रस्त्याची धूळ. मी काही मनावर घेतले नाही.

दुसऱ्याच दिवशी मी प्रिन्सेस स्ट्रीट गाठला. माझ्याजवळ जुन्या बाटल्या होत्या, पण लिंबाची बाटली उघडली तर आत लिंबू उरलेच नव्हते, रंगाऱ्याचा डबा होता! लिंबाच्या तेलातला सर्वांत मोठा वाटा लिमोनीन नावाच्या द्रव्याचा असतो. हवा लागली, उजेड लागला, की ते बिघडते आणि टर्पेंटाईनसारखा दर्प मारू लागते. म्हणून असली तेले गडद रंगाच्या बाटलीत, काठोकाठ भरून, थंड जागी ठेवायची असतात. अर्धी रिकामी बाटली म्हणजे अर्धी भरलेली हवा.

लिंबू आणि गवती चहा यांची एक गंमत सांगण्यासारखी आहे. एक काटेरी झाड, दुसरे निव्वळ गवत. पण दोघांचे रक्त एकच. लिंबाला जे लिंबूपण येते ते सिट्रल या द्रव्यामुळे. ते लिंबाच्या सालीतल्या तेलात शंभरात अवघे दोन ते पाच भाग असते. गवती चहाच्या तेलात मात्र तेच सिट्रल शंभरात सत्तर ते ऐंशी भाग भरते. म्हणजे लिंबात लिंबूपण चिमूटभर आणि गवतात ओंजळभर! म्हणूनच चहात गवती चहाची पात टाकली की लिंबू न पिळताही लिंबाचा भास होतो. केरळात या गवताचे तेल पिढ्यान्‌पिढ्या काढले जाते, आणि त्या तेलातल्या सिट्रलपासून रसायनशास्त्रज्ञ व्हायोलेट फुलाचा सुवासही बनवतात. एका गवताच्या पोटात किती नाटके!

पण याच कारणाने गवती चहा हा मिश्रणात मोठा दांडगा पाहुणा. पहिल्या नंबरला मी दोन्ही तेले समसमान घेतली. टिपकागदाची पट्टी बुडवून सौ.च्या नाकासमोर धरली. ती म्हणाली, “बाथरूम धुतलंत वाटतं?” ३१ वर्षांचा माझा अनुभव एका वाक्यात मोरीत गेला. पण तिचे खरे होते. सिट्रल जास्त झाले, की माणसाला लिंबू आठवत नाही, फरशी पुसण्याचे औषध आठवते.

दुसऱ्या नंबरला लिंबू दहा थेंब, गवती चहा एक थेंब. हे जमले. वरचा लिंबाचा झटका आणि खाली गवताची हिरवी बैठक. तिसऱ्या नंबरला तुळस घातली, तर सर्दीचा काढा झाला. चौथ्याला तुळस पाचवा हिस्सा केली आणि पुदिन्याचा अर्धा थेंब टाकला. थेंब काही चिरता येत नाही. म्हणून एक थेंब नऊ थेंब मद्यार्कात विरघळवायचा आणि त्या दहांतले पाच घ्यायचे. आमच्या धंद्यातले निम्मे शहाणपण एवढेच आहे: जे तीव्र असेल ते आधी पातळ करा, मग त्याचा न्याय करा.

चव घेण्याचीही रीत असते. लोकांना वाटते, चव जिभेला कळते. जिभेला काय कळते? गोड, आंबट, खारट, कडू आणि १९०८ साली जपानच्या इकेदा नावाच्या प्राध्यापकाने दाखवून दिलेली उमामी ही पाचवी. बाकी सारा कारभार नाकाचा. खात्री करून घ्यायची असेल तर यंदाच्या फराळात नाक चिमटीत धरून बेसनाचा लाडू खाऊन पाहा. गोड लागेल, रवाळ लागेल, पण लाडू लागणार नाही. मग नाक सोडा. तूप, वेलदोडा, भाजलेले बेसन, सारे घशामागच्या वाटेने एकदम वर चढेल.

तेव्हा मी एक लिटर पाण्यात १०० ग्रॅम साखर आणि ग्रॅमभर लिंबाचे सत्त्व घालून पाणी तयार केले. कपाकपांत ओतले, प्रत्येकात त्या त्या नंबरचा अगदी अंशमात्र मिसळला. सकाळी, पोटात फक्त पोळी असताना, पान नाही, तंबाखू नाही. घोट घ्यायचा, तोंडभर फिरवायचा, नाकाने हळूच श्वास सोडायचा आणि थुंकून टाकायचा. मध्ये साधे पाणी आणि चार कुरमुरे. एका बैठकीत चार-पाचांपेक्षा जास्त चवी नाहीत. पुढे जीभ होयबा होते. आणि नाक थकले की आपल्याच मनगटाचा वास घ्यायचा, म्हणजे ते घरी परत येते.

चौथा नंबर उतरला! आधी लिंबू, मग शेतावरच्या बांधासारखा हिरवा वास, शेवटी कुठून तरी खिडकी उघडल्यासारखा गारवा. हा गारवाही एक फसवणूकच. पुदिन्यातले मेंथॉल काही थंड नसते. थंडी ओळखणाऱ्या मज्जातंतूंची कडी ते वाजवते आणि मेंदू समजतो की गार वारा आला. थंडी-ऊन ओळखणाऱ्या या दारांच्या शोधासाठी डेव्हिड ज्यूलियस यांना २०२१ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. आम्ही कारखान्यातले लोक मात्र बापजाद्यांपासून ही कडी वाजवत आलो होतो.

सौ.ने कप रिकामा केला आणि पुढे केला. यापेक्षा मोठे प्रशस्तिपत्र मला नोकरीत कधी मिळाले नव्हते. छोटी बाटली भरली, चिठ्ठी लावली, ‘नं. ४’.

पुढच्या रविवारी भाचा आला. बाटली हुंगली, “मामा, कमाल!” म्हणाला आणि बाटली घेऊन गॅलरीत गेला. “जरा उजेडात रंग बघतो.” मी स्वयंपाकघरात सौ.ला करंज्यांचे सारण ढवळायला मदत करत होतो. पाच-दहा मिनिटे गेली असतील. खोबऱ्याच्या, खसखशीच्या त्या दाट वासातून एक धागा माझ्या नाकाशी आला. लिंबू. गवती चहा. तुळस. माझा चौथा नंबर! पण तो गरम होता. आणि त्याच्या शेपटीला काही तरी करपलेले लटकत होते.

मी गॅलरीत गेलो. भाच्याच्या हातात पेनासारखी एक नळी होती आणि त्याच्या तोंडातून माझे मिश्रण पांढरे होऊन बाहेर पडत होते. मला पाहून त्याने ती झटकन पाठीमागे घेतली. मग त्याला खोकल्याची उबळ आली आणि लपवण्यासारखे काही उरले नाही.

“सिगारेट नाही ही, मामा. व्हेप आहे. नुसती वाफ. मी सिगारेट सोडली ना, म्हणून ही. हे लिक्विड बाहेर महाग मिळतं आणि चोरून घ्यावं लागतं. ग्लिसरीन आणून घरीच करायचं, तुमचा फ्लेवर टाकायचा. पाच-सहा मित्र घेतील. शेवटी काय, लिंबू आणि गवती चहाच ना? तुम्हीच चाखून पाहिलंत की!”

तुम्हीच चाखून पाहिलंत. हे वाक्य मला लागले. कारण ते खरे होते, आणि त्याच वेळी ते अगदी खोटे होते.

मला माझे उमेदवारीचे दिवस आठवले. आमच्या मिश्रणखात्यात एक वडीलधारे गृहस्थ होते. सारे त्यांना मास्तर म्हणत. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी शहाणपणा दाखवायला दालचिनीच्या अर्काचा डबा उघडला आणि तोंड जवळ नेऊन छातीभर वास ओढला. डोळ्यांसमोर काजवे चमकले. तीन रात्री खोकत होतो, छातीत कुणी काथ्या घासतो आहे असे वाटे. मास्तरांनी मला रागावले नाही. चौथ्या दिवशी त्यांनी बाटली नाकापासून वीतभर दूर धरून, हाताने वाऱ्याची हलकी लहर नाकाकडे ढकलून दाखवली आणि एवढेच म्हणाले, “वास घ्यावा, श्वास घेऊ नये.” 

तोच दालचिनीचा अर्क आम्ही रोज चिमटीने बिस्किटांत घालत होतो. पोरेबाळे खात होती. कुणाला काही होत नव्हते. पोटाला जे चालले ते छातीला चालले नव्हते.

मी भाच्याला आत आणून बसवले. सौ.ने पाणी दिले आणि कधी नव्हे ती गप्प राहिली. तो म्हणाला, “पण मामा, जे पोटात चालतं ते फुफ्फुसात का नाही चालणार?”

प्रश्न रास्त होता. हाच प्रश्न जगभर लाखो माणसांनी स्वतःला विचारायला हवा होता आणि विचारला नाही. मी त्याला जमेल तसे सांगितले. आपण खातो ते आधी जठरातल्या आम्लातून जाते, आतड्यांतून जाते, मग यकृताच्या जकातनाक्यावर थांबते. तिथे झडती होते, निम्मेशिम्मे विष तिथेच मोडते. फुफ्फुसाला असले नाके नाही. तिथे हवेच्या कोट्यवधी बारीक पिशव्या आहेत. त्या उलगडून पसरल्या तर सुमारे सत्तर चौरस मीटर जागा व्यापतील. आमच्या तुळिंजच्या हिशेबात सांगायचे तर दोन खोल्यांच्या दोन-तीन बिऱ्हाडांएवढी. आणि हवा व रक्त यांच्यामधला पडदा एका मायक्रॉनहूनही पातळ! त्या पडद्यावर जे पडेल ते थेट रक्तात. म्हणून तर ओढलेले निकोटिन दहा-वीस सेकंदांत मेंदूला पोचते आणि माणूस त्याचा गुलाम होतो.

खाण्याच्या सुगंधद्रव्यांना ‘निर्धोक’ हा जो शिक्का मिळतो तो खाण्यापुरता असतो. ओढण्याचा त्यात विचारच केलेला नसतो. अमेरिकेत मिसुरी राज्यात पॉपकॉर्नच्या एका कारखान्यात लोण्याचा स्वाद मिसळला जाई. त्यातले डायअसेटिल हे द्रव्य खऱ्या लोण्यातही असते; खाल्ले तर काही होत नाही. पण गरम कढयांतून निघणारी त्याची वाफ रोज छातीत घेणाऱ्या कामगारांच्या श्वासनलिका आखडत गेल्या. २००० साली त्या कारखान्यातल्या आठ माजी कामगारांचा आजार उघडकीस आला, तो पुन्हा बरा न होणारा. ते माझ्याच जातीचे लोक होते, स्वाद मिसळणारे. ती बातमी वाचली तेव्हा मला रात्रभर झोप लागली नव्हती.

भाचा म्हणाला, “तुमच्या नंबर चारमध्ये लोणी कुठंय?”

“लोणी नाही. सिट्रल आहे,” मी म्हणालो. व्हेपच्या पाण्यात ग्लिसरीनच्या जोडीला प्रॉपिलिन ग्लायकॉल नावाचे दुसरे द्रव्य असते. अमेरिकेतल्या येल आणि ड्यूक विद्यापीठांच्या संशोधकांनी २०१८ साली दाखवून दिले, की सिट्रल, व्हॅनिलिन, दालचिनीतले द्रव्य ही त्या ग्लायकॉलशी बाटलीतल्या बाटलीतच संयोग पावतात आणि नवीच द्रव्ये तयार होतात. ती वाफेबरोबर छातीत जातात आणि तिथली जळजळ ओळखणारी दारे ठोठावतात. म्हणजे मी आज जे चाखले ते आठवड्याने बाटलीत तसे राहणारच नाही. मग माझ्या चाखण्याला काय किंमत?

शिवाय लिंबाचे आणि गवती चहाचे तेल हे तेलच. तेलाचे थेंब फुफ्फुसात जायचे नसतात. तिथे ते साठले तर एक प्रकारचा न्युमोनियाच होतो. २०१९ साली अमेरिकेत व्हेप ओढणारी धडधाकट तरुण माणसे एकाएकी धापा टाकीत इस्पितळात येऊ लागली. फेब्रुवारी २०२० पर्यंत असे २८०७ रुग्ण नोंदले गेले, त्यांतले ६८ दगावले. त्यांतल्या बहुतेकांनी ओढलेल्या मालात गांजाचा अर्क होता, आणि तो घट्ट दिसावा म्हणून त्यात जीवनसत्त्व ई चे एक तेलकट रूप मिसळलेले होते. संशयाचे बोट मुख्यतः त्याच्याकडे वळले. जीवनसत्त्व! जे गोळी म्हणून गिळतात, मलम म्हणून गालाला लावतात, तेच.

“आणि तो करपलेला वास?” मी विचारले. “तुला आला का?”

त्याने मान हलवली. त्याला आला नव्हता.

“तुझ्या मामीला विचार. कढईतलं तेल जास्त तापलं की डोळ्यांत जो धूर झोंबतो, त्यात एक्रोलिन असतं. ग्लिसरीन फार तापलं की तेच निघतं.”

“मग इंग्लंडात डॉक्टर सिगारेट सोडायला हेच देतात, ते कसं?” त्याने शेवटचे पान टाकले. पोरगा वाचणारा होता, हे मला आवडले.

तेही खोटे नव्हते. तिथल्या सरकारी आरोग्यखात्याचे मत असे आहे की जो सिगारेट ओढतोच आहे त्याला ही कमी घातक, आणि ती सोडण्यास तिची मदत होऊ शकते. पण तिथे त्यात काय घालावे, निकोटिन किती असावे, याला नियम आहेत. आणि जो ओढत नाही त्याने हिच्या वाटेला जाऊच नये, असेही तेच लोक सांगतात. गॅलरीत ड्रॉपरने केलेल्या मिश्रणाला कुणाचाच दाखला नाही. आपल्याकडे तर १८ सप्टेंबर २०१९ रोजी वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात संसदेने कायदा केला. अशी वस्तू बनवणे, आणणे, विकणे, साठवणे, तिची जाहिरात करणे, सारेच गुन्हा. बनवण्या-विकण्याच्या पहिल्याच गुन्ह्याला वर्षापर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. “पाच-सहा मित्रांचा तुझा धंदा यात बसतो,” मी म्हणालो. “आणि अर्क पुरवणारा तुझा मामाही!”

तो हसला नाही. मीही हसलो नाही. कारण बोलता बोलता मला माझाच हिशेब दिसू लागला होता.

स्वाद मिसळणाऱ्याचे काम काय? जे माणूस थुंकून टाकील ते त्याला आवडीने घ्यायला लावणे. कडू औषधाला मी संत्रे दिले आणि तापाने फणफणलेल्या पोरांनी चमचा चाटला. त्याचे मला पुण्य लागले असेल. पण निकोटिन घशाला खरखरते, ती खरखर हे शरीराचे ‘नको’ असते. त्या ‘नको’वर मी लिंबाचे पांघरूण घातले होते, पुदिन्याची गार फुंकर मारली होती. शरीराचा पहारेकरी नाक आणि घसा. त्या पहारेकऱ्यालाच मी सरबत पाजले होते. आणि कोणाच्या घरात शिरायला? बहिणीच्या!

भाच्याने बाटली टेबलावर ठेवली. “आईला सांगू नका,” एवढेच म्हणाला आणि निघून गेला. फराळाचा डबा न्यायचाही विसरला.

बाटली मी ओतून टाकायला मोरीपाशी नेली होती. सौ.ने हात धरला. “त्या लिंबानं काय पाप केलंय? पोराला हेच आवडलं ना? मग पोटात जाईल असं करा की.”

तिचे म्हणणे पटले. पण प्रिन्सेस स्ट्रीटची तेले नकोत, म्हणून मी भाजीवालीकडून माल आणला आणि घरगुती अर्क केला. वाचकांपैकी कुणाला करून पाहायचा असेल तर प्रमाण देतो. एक किलो साखरेतली मूठभर साखर काढून तिच्यावर सहा कागदी लिंबांची फक्त रंगीत साल बारीक किसावी. खालचा पांढरा भाग कडू, तो येऊ देऊ नये. हाताने चोळून रात्रभर झाकून ठेवावे. सालीतले तेल साखर ओढून घेते. दुसऱ्या दिवशी उरलेली साखर अर्धा लिटर पाण्यात विरघळवून एक उकळी आणावी, गॅस बंद करावा आणि त्यात गवती चहाच्या दहा पाती कापून घालाव्यात. झाकण घट्ट. वीस मिनिटांनी तुळशीची पाच-सात पाने आणि पुदिन्याची मूठभर पाने टाकावी, दहा मिनिटांनी सारे गाळावे. पूर्ण निवल्यावरच ३०० मिलिलिटर लिंबाचा रस आणि सालीची साखर घालावी, चिमूटभर मीठ टाकावे, साखर विरघळली की पुन्हा एकदा गाळावे. गरम असताना रस घालू नये. आंबट आणि उष्णता एकत्र आली की सिट्रल मोडते आणि लिंबाचा ताजेपणा जातो. स्वच्छ बाटलीत, फ्रिजमध्ये, दोन आठवडे उत्तम राहते. एक भाग अर्काला चार भाग गार पाणी.

भाऊबीजेला भाईंदरला गेलो ते ही बाटली घेऊन. बहिणीने ओवाळले. भाचा पाया पडायला वाकला तेव्हा माझे नाक नकळत पुढे झाले. त्याच्या लक्षात आले. कानाशी तो हळूच म्हणाला, “मामा, आज नाही ओढली.” आज! मी त्याला तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी सरकारने चालवलेला फुकटचा फोन नंबर एका चिठ्ठीवर लिहून दिला: १८००-११-२३५६. चिठ्ठी पाहून तो म्हणाला, “मला वाटलं नंबर चारचा फॉर्म्युला देताय.” मग आम्ही दोघेही हसलो. बहिणीने विचारले, काय झाले? मी म्हणालो, सरबताचे बोलतोय.

त्यानंतर मी त्याला एका छातीच्या डॉक्टरांकडे नेले. फोटो स्वच्छ निघाला. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात; फोटो स्वच्छ म्हणजे सगळे संपले असे मात्र समजू नका. वर्षभरात त्याने ती नळी दोनदा सोडली आणि एकदा पुन्हा धरली. निकोटिनच्या गोंदाच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने चघळल्या. आता सहा महिने झाले, धरलेली नाही असे सांगतो. मी विश्वास ठेवतो. अर्थात तो आला की दार मी उघडतो, आणि आधी नाक पुढे करतो, डोळे मागून येतात.

गेल्या रविवारी तो आला तेव्हा रिकामी बाटली परत घेऊन आला होता. “मामा, या वर्षी दोन करा,” म्हणाला. “ऑफिसातल्या एकाला द्यायचीय. तोही ओढतो.”

स्वयंपाकघराच्या ओट्यावर साखरेत लिंबाची साल मुरते आहे. घरभर वास आहे. मी बाटली नाकापासून वीतभर दूर धरतो, हाताने वाऱ्याची हलकी लहर नाकाकडे ढकलतो, आणि मास्तरांना मनातल्या मनात नमस्कार करतो.